गांधी उठणाऱ्या घोड्याची चंदी: हरभरा, पेलेट की ओट?

आषाढात घोड्याच्या मानेवर गांधी, म्हणजे खाजऱ्या फुगवट्या, उठल्या की पागेतला जाणता माणूस लगेच म्हणतो, 'हरभरा गरम पडला.' नाशिकजवळ मखमलाबादच्या आमच्या पागेत मारवाडी घोडी आली तेव्हा मलाही हेच ऐकवलं गेलं. हरभरा बंद केला. पंधरा दिवसांत गांधी बसल्या आणि श्रावणात परत आल्या, तेव्हा तिच्या पोटात हरभऱ्याचा एक दाणाही नव्हता.

म्हणून चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा-खुराक, बदलायला निघालेल्या प्रत्येकाला माझं आधी हे सांगणं असतं: खाण्याची खरी ॲलर्जी घोड्यांत क्वचितच आढळते. पावसाळ्यात आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून घासून केस गेले असतील, तर पहिला संशय संध्याकाळी चावणाऱ्या बारीक चिलटांवर घ्या. खोकला असेल, पळवल्यावर श्वास चढत असेल, तर वैरणीतली धूळ आणि बुरशी तपासा. लीद पातळ होत असेल, पोट तटतटत असेल, खूर गरम लागत असतील, तर मात्र चंदीकडे वळा. रक्त तपासून 'याला अमुक धान्य चालत नाही' असं सांगणाऱ्या चाचण्यांवर घोड्याच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. घालून आणि थांबवूनच कळतं.

नाशिकमध्ये माणूस साधारण तीन खुराकांत अडकतो: भिजवलेला हरभरा, कोंडा आणि गूळ ही जुनी चंदी, पोत्यात मिळणारं तयार पेलेट, आणि डोंगरी गवताच्या जोडीला थोडा ओट.

जुन्या चंदीला मी वाईट म्हणणार नाही. हरभऱ्यात विसेक टक्के प्रथिनं असतात आणि कष्टाच्या घोड्याचं अंग त्यानं भरतं. पण त्यातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि वायू धरतो. घोड्याला ओकारी येत नाही, त्यामुळे हा वायू हलकी गोष्ट नव्हे. या चंदीतलं मोठं दुखणं मला कोंड्यात दिसतं. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. तो महिनोन्‌महिने मुख्य खुराक झाला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं, हाडं ठिसूळ होतात आणि तोंडाची हाडं सुजतात. त्यात वैरण म्हणून हत्ती गवत असेल तर भरच पडते, कारण त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य उरलेलं कॅल्शियमही बांधून टाकतं. गायीला ते चालतं, घोड्याला नाही.

पेलेटची सोय मोठी आहे. खनिजं मोजून घातलेली असतात, धूळ कमी असते, मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, मापही सोपं पडतं. निरोगी घोड्यासाठी मी ते आनंदानं घेईन. संशय असलेल्या घोड्यासाठी मात्र तीच सोय आड येते. एका गोळीत मका, सोयापेंड, कोंडा, मळी, तेल असं बरंच काही एकत्र असतं. त्रास झाला तर बोट कशावर ठेवणार? पोत्यावर घटक लिहिलेले नसतील तर ते या कामासाठी बाद. आणि गाई-म्हशींची गोळी पेंड किंवा कोंबडीखाद्य 'तेवढंच तर आहे' म्हणून कधीही घालू नका. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गायीला सोसणारी त्याची मात्रा घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारते आणि त्यावर उतारा नाही.

मक्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण येवला-चांदवडकडून तो स्वस्तात दारात येतो. त्यात जवळजवळ ७० टक्के पिष्ट (स्टार्च) असतं, हा एक भाग झाला. दुसरा भाग बुरशीचा. पावसात भिजलेल्या कणसावर येणारी एक बुरशी फ्युमोनिसिन नावाचं विष तयार करते आणि त्यानं घोड्याचा मेंदू अक्षरशः विरघळतो. दाणा वरून चांगला दिसला तरी विष असू शकतं. माझ्या पागेत मका येत नाही.

आता ओट. पिष्ट चाळीसेक टक्के, तूस असल्यामुळे तंतू जास्त, आणि ते पिष्ट बरंचसं लहान आतड्यातच पचतं. न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात उतरलं की आम्लता वाढते आणि पोटशूळ किंवा खुरांच्या आतली सूज उद्भवते. ओटात हा धोका इतर धान्यांपेक्षा कमी. घेताना नीट पाहून घ्या. दुकानात पुष्कळदा ओट मागितल्यावर जव, म्हणजे सातू, पुढे येतो. त्यात पिष्ट जास्त आणि भरडल्याशिवाय तो नीट पचत नाही.

माप असं काढा. तंग बांधतो तिथला घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. आमच्या घोडीचा घेर १६५, लांबी १५०, म्हणजे वजन साधारण ३४४ किलो. नाजूक घोड्याला एका वेळी दर किलो वजनामागे एक ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट नको, म्हणजे तिच्यासाठी एका तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीत) ओट फार तर ८०० ग्रॅम. मक्याचा हिशेब केला तर ५०० ग्रॅममध्येच मर्यादा संपते.

पण पोट भरायचं ते वैरणीनं. वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे रोज पाच ते सात किलो सुकी वैरण. इगतपुरी-पेठकडचं डोंगरी गवत मला सर्वांत निर्धोक वाटतं, मात्र त्यात कुसळी जास्त नको. तिची टोकं हिरड्यांत रुततात. गंजी उकलल्यावर कुबट वास आला तर परत पाठवा. खोकणाऱ्या घोड्याला गवत अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळून घाला. त्याहून जास्त वेळ नको, आपल्या उन्हात ते आंबतं. सुकवलेला घास, म्हणजे लसूणघास, दिवसाला एखादा किलो दिला तर कॅल्शियम मिळतं आणि जठरातलं आम्लही शमतं. द्राक्षबागेच्या बांधावरचं गवत फुकट मिळालं तरी नको, फवारणी त्याच्यावरच बसते. लासलगावकडे उरलेला कांदा जनावरांपुढे टाकतात. घोड्याच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात.

गांधी हीच मुख्य तक्रार असेल तर मूठभर ताजी दळलेली जवस घालून पाहा. २००२ साली कॅनडात सहा घोड्यांवर केलेल्या छोट्या प्रयोगात जवशीनं चिलटांना येणारी त्वचेची प्रतिक्रिया कमी झाली होती. सहाच घोडे होते, म्हणून फार मोठी आशा धरू नका. संध्याकाळी पागेत पंखा लावून ठेवण्याचा फायदा मला जास्त दिसला.

तेव्हा माझा कौल तिसऱ्या खुराकाला: गवत, थोडा घास, ओट आणि तीसेक ग्रॅम मीठ. यात खनिजं अपुरी पडतात, म्हणून हा कायमचा खुराक समजू नका. आधी पशुवैद्यांना घोडा दाखवून घ्या. जुन्या चंदीवरून नव्यावर दहा दिवसांत हळूहळू या, सहा आठवडे दुसरं काही तोंडी लागू देऊ नका. पाहुण्यांनी दिलेला गुळाचा खडाही नाही. मग एकेक पदार्थ परत आणा, दोनमध्ये आठवडाभर अंतर ठेवून, आणि रोज लीद, कातडी, श्वास वहीत लिहा.

आमच्या वहीत कार्तिकातली नोंद आहे. हरभरा परत सुरू केला तेव्हा चिलटं गेलेली होती. आठवडाभरात अंगावर एकही गांधी नाही. तिसऱ्या दिवसापासून लीद मात्र पातळ.