रायझन ९ ७९५०एक्स: वर्षभराच्या वापरानंतर विजेचा आणि उष्णतेचा हिशेब

सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आलेला एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स हा १६ कोअरचा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या १६ भागांचा) प्रोसेसर मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधील रेंडर (अंतिम चित्र तयार करणे) आणि कोड कंपाइल करण्यासाठी घेतला. नागपूरचा एक पूर्ण उन्हाळा त्याच्यासोबत काढल्यावर माझे मत असे झाले आहे की प्रोसेसर उत्तम आहे, पण त्याची मूळ सेटिंग आपल्याकडच्या खोल्यांसाठी नाही.

त्याचा टीडीपी, म्हणजे कूलर निवडण्यासाठी कंपनी सांगते तो उष्णतेचा आकडा, १७० वॅट सांगितला जात असला, तरी मूळ सेटिंगमध्ये तो २३० वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. सर्व कोअर कामाला लागले की थोड्याच वेळात तापमान ९५ अंशांवर जाऊन स्थिरावते. पाहणाऱ्याला वाटते, कूलर नीट बसलेला नाही. वस्तुतः ९५ अंश ही कंपनीनेच ठरवलेली मर्यादा असून, विजेची मर्यादा आड येत नाही तोवर तिथपर्यंत वेग वाढवत राहायचा, अशीच त्याची रचना आहे. त्यामुळे मोठ्या कूलरने तापमान फारसे उतरत नाही, क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, तेवढा किंचित वाढतो. माझ्याकडे ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर आहे आणि आज घ्यायचा झाला तर मी एवढा मोठा घेणार नाही. ज्या दोन चिपांमध्ये बहुतेक उष्णता निर्माण होते, त्या प्रत्येकी जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या आहेत, शिवाय एएम४ या एएमडीच्या आधीच्या सॉकेटचे कूलर चालावेत म्हणून वरचे धातूचे झाकण जाड ठेवलेले आहे. उष्णता तिथेच अडते.

खरा फरक पडला तो बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या मेनूमधील) इको मोडने, म्हणजे विजेची मर्यादा कमी करणाऱ्या पर्यायाने. १०५ वॅटचा पर्याय निवडल्यावर प्रत्यक्ष मर्यादा १४२ वॅट होते. माझ्या रेंडरचा वेळ यामुळे साधारण पाच-सहा टक्क्यांनीच वाढला, मात्र तापमान सत्तरीच्या आसपास आले. याचे कारण असे की शेवटचे काहीशे मेगाहर्ट्झ मिळवण्यासाठी व्होल्टेज बरेच वाढवावे लागते आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६५ वॅटचा पर्याय, म्हणजे ८८ वॅटची मर्यादा, मी फक्त मे महिन्यातील दुपारी वापरतो. त्यात वेग जाणवण्याइतका घटतो.

लिक्विड कूलर उष्णता नाहीशी करत नाही, संगणकाच्या पेटीतून खोलीत आणून टाकतो. २३० आणि १४२ यांतील ८८ वॅटचा फरक रोज आठ तासांच्या रेंडरला धरला, तर महिन्याला सुमारे २१ युनिट होतात, आणि तीच उष्णता बाहेर काढायला एसीला लागणारी वीज वेगळीच.

मला सर्वांत जास्त त्रास झाला तो आवाजाचा. नुसते ब्राउझर उघडले तरी एखादा कोअर ५.७ गिगाहर्ट्झच्या जवळ झेप घेतो, तापमान क्षणात वीसेक अंशांनी उडते आणि पंखे घोंघावून पुन्हा शांत होतात. बायोसमध्ये पंख्याचा वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असते. ती चालू केल्यावर हा प्रकार बंद झाला. कूलर बसवताना एक गोष्ट मात्र पाहावी: झाकणाच्या कडांना खाचा आहेत, त्यांत थर्मल पेस्ट उतरते आणि मग ती इअरबडने टिपत बसावे लागते.

केवळ गेमिंगसाठी हा प्रोसेसर घेऊ नये. त्यासाठी १२० वॅट टीडीपीचा रायझन ७ ७८००एक्स३डी सरस आहे आणि त्याला साधा एअर कूलरही पुरतो.