मुकादम आणि त्याची कोळंबी

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत याशा गोबी हा छोटा मासा आणि त्याच्यासोबत एकाच बिळात राहणारी रँडल पिस्टल कोळंबी आणून सात महिने झाले. आता मत द्यायला हरकत नाही.

आधी तक्रार. दुकानदाराने 'जमलेली जोडी' म्हणून विकली. टाकीत सोडल्याबरोबर कोळंबी डाव्या कोपऱ्यातल्या दगडाखाली गडप झाली आणि मासा उजवीकडे पंपाच्या मागे. नऊ दिवस एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. जमलेली जोडी कसली! शेवटी दगडाखाली पाइपचा छोटा तुकडा तिरका खोचला, कोळंबीने त्यालाच जोडून बीळ वाढवलं आणि दहाव्या दिवशी सकाळी दारात मासा हजर. त्यामुळे दुकानाला दोन तारे, जोडीला साडेचार.

मासा जेमतेम दोन इंचांचा. पांढऱ्या अंगावर लाल-नारिंगी तिरपे पट्टे, पाठीवर ताठ तुरा. जपानीत 'याशा' म्हणजे आपला यक्ष, शब्द संस्कृतातूनच तिकडे गेलेला. पाण्याकाठी पहारा देणारा यक्ष आपल्याला ठाऊकच आहे, म्हणून मला नाव फार शोभलं. मुलगा मात्र त्याला मुकादम म्हणतो, कारण हा काडीचं काम करत नाही, नुसता दारात उभा असतो.

काम सगळं कोळंबीचं. नांगीने वाळू ढकलत बाहेर येते, ढीग टाकते, परत आत. तिला नीट दिसत नाही, म्हणून बाहेर असेपर्यंत एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली. काही खटकलं की तो शेपटी थरथरवतो आणि ती तिथल्या तिथे थबकते. तो डोकं खाली घालून आत घुसला, तर त्याच्याआधी ही गायब. एवढं बघण्यासाठी मी जेवणाचं ताट घेऊन टाकीसमोर बसते.

घेणाऱ्यांनी दगड टाकीच्या तळाच्या काचेवरच टेकवावेत आणि वाळू नंतर भरावी. वाळूवर ठेवलेला दगड ही बया खालून पोखरून पाडते. नुसती बारीक वाळूही नको, प्रवाळाचे तुकडे मिसळलेले असले तरच बिळाचं छत टिकतं. टाकीवर जाळी हवीच. दुसऱ्याच आठवड्यात रात्री 'थप्' आवाज आला. मुकादम उडी मारून जाळीवर आपटला होता. आजारी माशांसाठी तांब्याचं औषध या टाकीत कधीच घालू नका, कोळंबी मरेल.

नांगीचा 'टक्' आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी काचेला तडा शोधत बसले होते. नांगी झटक्यात मिटली की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना हा आवाज येतो. सवय होते.

अर्धा तारा कापला तो दर्शनासाठी. कोळंबी दिवसातून जेमतेम काही मिनिटं दिसते आणि दिवे मालवले की दोघं आत, दार बंद. पाहुण्यांना दाखवायला बोलवा, हमखास कोणी बाहेर येत नाही. खायला घालतानाही मासा दारापासून वीतभरच सरकतो, त्यामुळे गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचं खाद्य) ड्रॉपरने थेट बिळापाशी सोडावी लागते.

बिळाचं पुढचं दार कुठे उघडेल हा तर खराच यक्षप्रश्न. काल ते माझ्या लाडक्या प्रवाळाच्या बुडाशी उघडलंय आणि त्यावर वाळूचा ढीग पडलाय. आज ड्रॉपर त्याच्याच सफाईला लागलाय.