बायबलमधल्या स्वप्नांवरचा ऑनलाइन कोर्स केला, सात सेशन भारी आणि आठवं...

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

आधी हा कोर्स का घेतला ते सांगते. माझ्या ताईला स्वप्नं फार पडतात आणि तिला प्रत्येक स्वप्न देवाचा निरोपच वाटतो, दात पडला, पूर आला, जिना संपतच नाहीये, की सकाळी सकाळी मला व्हॉइस मेसेज, "शास्त्रात (म्हणजे बायबलात) बघून सांग गं याचा अर्थ." दात पडल्याचा अर्थ शास्त्रात दिलेला नाहीये हे सांगून सांगून दमले, म्हटलं एकदा नीट शिकूनच घेऊ. आठ सेशन आहेत, रेकॉर्डेड, सोबत पीडीएफ वर्कबुक आणि मध्ये एक लाइव्ह प्रश्नोत्तरांचं.

पहिलं सेशन नुसतं शब्दांवर आहे, बरेच जण स्किप मारतील, पण मारू नका. आपण बोलताना "देवाने दृष्टांत दिला" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते झोपेतलंच असतं, मराठी बायबलमध्ये मात्र दृष्टान्त जागेपणीही होतो, आणि येशू ज्या गोष्टी सांगतो ते दाखले. माझ्या डोक्यात या तिन्हीचा काला झालेला. मग ग्रीक शब्द येतात, स्वप्नासाठीचा 'ओनार' हा शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त 6 वेळा आहे आणि सहाही वेळा मत्तयाच्या शुभवर्तमानात! त्यातले 4 एकट्या योसेफाचे (येशूची आई मरीया, तिचा नवरा; मिसरातला म्हणजे इजिप्तमधला योसेफ वेगळा), एक मागी लोकांना (बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) हेरोद राजाकडे परत जाऊ नका म्हणून सांगणारं आणि एक पिलाताच्या (येशूला क्रूसाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार) बायकोचं. उलट 'होरामा', म्हणजे दृष्टान्त, हा जवळजवळ सगळा 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात. आणि हा योसेफ शुभवर्तमानांत एक शब्दही बोलत नाही, स्वप्न पडतं, उठतो, सांगितलेलं करतो, बस. इतक्या वेळा नाताळची गोष्ट ऐकली पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

खरी मजा तिसऱ्या सेशनला आहे, मिसरातला योसेफ तुरुंगात ज्यांचे अर्थ सांगतो ती दोन स्वप्नं. प्यालेबरदाराला (राजाला प्याला देणारा) वेलीच्या 3 फांद्या दिसतात, आचाऱ्याला डोक्यावर 3 टोपल्या, दोन्हीकडे तीन म्हणजे 3 दिवस. आता एक परत कामावर रुजू होतो आणि दुसरा फासावर जातो, एकाच दिवशी, फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, वाढदिवसाला. म्हणजे तक्ता काढून "तीन दिसले की हे होतं" असं म्हणायला जागाच नाही. हा योसेफ तर सुरुवातीलाच सांगून टाकतो की अर्थ सांगणं देवाचं काम. कोर्स शिकवणाऱ्या सरांनी इथे ब्रिटिश म्युझियममधल्या एका इजिप्शियन पपायरसचा फोटो दाखवला, सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं स्वप्नांचं पुस्तक, माणसाला स्वप्नात अमुक दिसलं तर चांगलं, तमुक दिसलं तर वाईट, आणि वाईटवाले शब्द चक्क लाल शाईने लिहिलेले. म्हणजे फारोच्या देशात असली पुस्तकं होती, आणि उत्पत्ती या पुस्तकातल्या (बायबलचं पहिलं) याच गोष्टीत फारोचे सगळे ज्ञानी हात टेकतात. ही स्लाइड मी दोनदा पॉज करून बघितली.

दानीएलवाल्या सेशनमध्ये राजाच्या स्वप्नातला पुतळा (सोन्याचं डोकं, रुप्याची छाती वगैरे) जरा जास्तच वेळ खातो, कुठलं राज्य कुठला धातू यात अर्धा तास गेला, मला झोप आली, दृष्टान्त काही झाला नाही. पण शेवटी एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली, राजाच्या स्वप्नांचे अर्थ सांगणारा दानीएल सातव्या अध्यायात स्वतःला स्वप्न पडल्यावर घाबरतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला विचारतो की हे सगळं खरं काय आहे. दुसऱ्यांचं कळतं, स्वतःचं कळत नाही!

पेत्राचं (येशूचा शिष्य) सेशन सगळ्यात बेस्ट. यापो गावात भरदुपारी गच्चीवर, पोटात भूक, आणि आकाशातून चादरीसारखं काहीतरी खाली येतं, त्यात सगळे प्राणी, मारून खा म्हणे. हा नाही म्हणतो. तीनदा. आणि त्याला अर्थ लागतच नाही, डोकं खाजवत बसलेला असताना खाली दारात कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याची माणसं उभी, कारण कैसरियात त्यालाही आदल्या दिवशी दर्शन झालेलं. दोघांकडे अर्धं अर्धं, भेटल्यावर पूर्ण. पौल आणि दिमिष्कातला (दमास्कस) हनन्या यांचंही तसंच. इस्राएली सेनापती गिदोनाचं तर आणखी वेगळं, जवाची भाकर गडगडत येऊन तंबू पाडते हे स्वप्न पडतं शत्रूच्या शिपायाला, अर्थ सांगतो त्याचाच सोबती, आणि गिदोन अंधारात उभा राहून ऐकतो. एकट्याने उशीवर पडून अर्थ लावत बसायचं हे यातल्या कुठल्याच गोष्टीत नाही, हे सरांनी इतक्या शांतपणे पटवलं की मी ताईला लगेच लिंक पाठवली.

लाइव्हमध्ये मी विचारलं की स्वप्न खरं ठरलं तर ते देवाचंच समजायचं ना? सरांनी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 13वा अध्याय उघडायला लावला, चिन्ह खरं ठरलं तरी तो माणूस दुसऱ्या देवांमागे नेत असेल तर त्याचं ऐकू नका. वर यिर्मया 23, स्वप्नं सांगणाऱ्या संदेष्ट्यांवरची चिडचिड, भुसा कुठे आणि गहू कुठे. चोख उत्तर.

आणि मग आठवं सेशन. ते दुसऱ्याच कोणीतरी घेतलंय आणि वर्कबुकच्या शेवटी एक तक्ता दिलाय, पाणी म्हणजे पवित्र आत्मा, साप म्हणजे सैतान, घर म्हणजे तुमचा जीव. अरे! मग 'गणना' पुस्तकाच्या 21व्या अध्यायातल्या पितळेच्या सापाकडे बघून लोक वाचले त्याचं काय, आणि नोहाच्या वेळचं सगळं बुडवणारं पाणी? सात सेशन जे शिकवलं त्यावर एका तक्त्यात बोळा फिरवला. फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलंय, उत्तर आलेलं नाही.

बाकी बारीक तक्रारी, पाचव्या सेशनचा आवाज घुमतो, आणि आपोआप येणारी सबटायटल्स बंदच ठेवा, यहेज्केल या संदेष्ट्याच्या नावाचं दर वेळी नवीन काहीतरी होतं.

ताईने कोर्स सुरू केलाय पण शेवटापासून, तक्ता आधी प्रिंट करून घेतला. काल मेसेज, "पूर म्हणजे चांगलंय गं." तुम्ही वर्कबुक डाउनलोड करणार असाल तर शेवटची चार पानं प्रिंट करू नका.