ओली वाळू, कोरडी वाळू, खडक की धक्का? समुद्रकाठच्या नृत्यप्रयोगासाठी जागा निवडताना

समुद्रकाठी समकालीन नृत्याचा प्रयोग करायचा ठरला की पाहणीला गेलेली मंडळी आधी सूर्यास्त कुठून छान दिसतो ते बघतात. आधी पायाखाली बघा. कोणती हालचाल टिकेल आणि कोणती गाळावी लागेल, ते तिथे ठरतं.

नाचायला सगळ्यात चांगली ती ओहोटीत उघडी पडणारी ओली वाळू. ती घट्ट असते, उतार बहुधा कमी असतो, अंग झोकून देता येतं. अडचण गिरकीची. एका पायावर फिरलं की चवडा रुततो, पाय जागेवर राहतो आणि पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून गिरकी पावलं टाकत घ्यावी, नाहीतर उडी मारून हवेतच वळावं.

त्याहून मोठी अडचण वेळापत्रकाची. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आज ५ वाजता असेल तर चौथ्या दिवशी साडेसातला. आठवडाभर रोज ५ चा प्रयोग जाहीर केलात तर शेवटचे प्रयोग शब्दशः पाण्यात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सगळ्यात लांब जातं खरं, पण एकाच किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी दर वेळी दिवसाच्या साधारण त्याच सुमाराला येते. ती भर दुपारची असेल, तर सूर्यास्ताला मिळणारी ओहोटी भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची, कमी चढउताराची, आणि मोकळी वाळू बरीच कमी. भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळेशेजारचा पाण्याच्या उंचीचा आकडा त्यासाठीच वाचायचा.

पाणी एकसारखं चढतही नाही. भरतीच्या सुमारे सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मी चढ होते. एकूण चढ ३ मीटर असेल तर त्या दोन तासांत १.५ मीटर, वाळूचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल तर पाणी ७५ मीटर आत येतं. अर्ध्या तासाचा प्रयोग पूर्ण ओहोटीच्या पाऊण तास आधी सुरू करावा, म्हणजे आवराआवरीलाही सवड राहते.

कोरडी वाळू भरतीरेषेच्या वर असल्याने तिथे घड्याळाची कटकट नाही, पण दम काढते. तिच्यावर चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त आणि धावायला सुमारे दीडपट ऊर्जा लागते. उडीला उसळी मिळत नाही, पोटऱ्या आधी बोलू लागतात. सेनेगलमध्ये तुबाब दियालाव इथे जर्मेन अकोन्यी यांच्या ‘एकोल दे साब्ल’ या नृत्यशाळेत वाळूचीच जमीन असलेलं तालीमघर आहे. तसा सराव असेल तर हीच वाळू बळ देते. लाकडी जमिनीवर बसवलेली रचना जशीच्या तशी इथे उतरवू नये. संथ, जमिनीलगतची हालचाल आणि मोठा समूह असेल तर ती शोभते.

खडक फोटोत देखणा, प्रयोगात त्रासदायक. भरतीरेषेखाली शेवाळ घसरवतं, चिकटलेले शिंपले तळवे कापतात. दोन-तीन नर्तक, ठरलेली पावलं, पायात बूट, एवढ्यावरच भागवायचं.

रोज ठरावीक वेळ हवी असेल किंवा चाकाच्या खुर्चीतून येणारे प्रेक्षक असतील, तर मुकाट्याने धक्का (जेट्टी) घ्यावा. काँक्रीट धक्का सोसत नाही (नाव काहीही असो), त्यामुळे उड्या निम्म्या करा. अनवाणी घसरलात तर कातडी सोलते. गुडघ्यांना पॅड, पायात पातळ तळव्यांचे बूट हवेत. कडेपासून २ मीटर आत रेघ आखा आणि ती ओलांडून कडेकडे जाऊ नका.

आवाजाचं गणित चारही ठिकाणी सारखंच. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि उरलेला लाटा गिळतात. दिवसा वारा बहुधा समुद्राकडून येतो, म्हणून नर्तक समुद्राच्या बाजूला असतील तर स्पीकरही त्याच बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून. अंधारल्यावर वारा उलटला की तीच मांडणी कमकुवत पडते. नर्तकांनी संगीतावर विसंबू नये. सुरुवात आणि बदलाच्या खुणा नजरेने देण्याच्या ठेवाव्यात, आणि खूण देणारा सगळ्यांना दिसेल अशा जागी असावा.