साडेतेराशेचा डब्बा आणि यिर्मयाची सत्तर वर्षं

खोक्यावर 'ऑडिओ बायबल प्लेअर' असं छापलंय, पण आमच्या घरी तो डब्बाच. तळहातावर मावतो, पाठीला छोटं सोलर पॅनल, आत मेमरी कार्डावर अख्खं मराठी पवित्र शास्त्र: 66 पुस्तकं, 1189 अध्याय. साडेतेराशेला पडला. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात रेंज शोधत पारापर्यंत जावं लागतं, म्हणून मोबाइलचा नाद सोडला. घेतला आईसाठी. मोतीबिंदू काढला तरी तिला शास्त्राचं बारीक अक्षर लागत नाही.

आधी खोड्या सांगतो. सोलर पॅनल शोभेचं. दिवसभर उन्हात ठेवा, तासभर वाजतो. टॉर्चही आहे, आणि खोक्यावर स्तोत्र 119 मधलं 'तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे' हे वचन. उजेड खरोखरच पावलांपुरता पडतो, बांधापर्यंत पोचत नाही. सगळ्यात मोठी खोड म्हणजे चार्जिंग पूर्ण उतरलं की गडी कुठे होता ते विसरतो आणि थेट उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर जातो. आमच्या घरी जगाची निर्मिती आतापर्यंत अकरा वेळा झाली.

अध्यायाच्या मध्ये पुढे पळवता येत नाही. मागे जाता येतं, तेही अध्यायाच्या सुरुवातीला. म्हणजे 119 वं स्तोत्र लागलं की 176 वचनं मुकाट्यानं ऐका. 'पहिला इतिहास' या पुस्तकात पहिले नऊ अध्याय नुसती नावंच आहेत, तिथं मी कंटाळून बंद करायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे ना बाबू. आपल्या घरची नावं असती तं ऐकलीच असती ना तू?"

जानेवारीत हरभऱ्याला जागल होती. रानडुकरांना माणसाचा आवाज चालत नाही, म्हणून आमच्याकडे लोक माळ्यावर गाणी लावतात. मी डब्बा नेला. लेवीय हे नियमांचं पुस्तक चालू होतं तोवर एकही डुक्कर फिरकलं नाही, त्याबद्दल पाचपैकी पाच. मग एका रात्री शमुवेलाची गोष्ट लागली. रात्रीचा दीड, चारी बाजूंनी अंधार, आणि आवाज आला, "शमुवेला, शमुवेला!" डोळा लागला होता, माझ्या तोंडून 'ओ' निघून गेली. मंदिरात निजणाऱ्या त्या पोरालाही देवाचा तो आवाज ओळखू आला नव्हता. तीनदा उठून एली याजकाकडे पळाला. त्या म्हाताऱ्यानं सांगितलं तेव्हा कुठे चौथ्यांदा म्हणाला, 'बोल, तुझा दास ऐकत आहे.' मी लहानपणापासून चर्चमध्ये भक्तीला जातो, हे वाक्य शंभरदा म्हटलं असेल. म्हणताना ऐकत होतो की नाही, कोणास ठाऊक.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. आमच्या भिंतीवर वचनांचं कॅलेंडर असतं. ज्या वर्षी सोयाबीन पिवळं पडून गेलं, त्या वर्षी मी त्यातलं यिर्मया 29:11 चं, म्हणजे 29 व्या अध्यायातल्या 11 व्या वचनाचं, पान फाडून सोसायटीच्या कर्जाच्या पासबुकात ठेवलं. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हप्ता भरायला जाताना ते पान चाचपून जायचो. डब्ब्यानं अख्खा अध्याय ऐकवला. बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं पाठवलेलं ते पत्र आहे. घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि माझ्या वचनाच्या बरोबर आधी, दहाव्या वचनात, सत्तर वर्षं! सत्तर वर्षं भरल्यावर परत आणीन. म्हणजे पत्र ऐकायला बसलेले कितीतरी जण तिथंच मातीत गेले असणार. माझं पासबुकातलं पान अर्धंच होतं, वरची ओळ मी कधी वाचलीच नव्हती. मागचं बटण दाबून तो अध्याय तीनदा ऐकला. बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण येत्या हंगामात सगळं फिटेल असं देवाच्या तोंडी घालणं तेव्हापासून सोडलं. बांधावर संत्र्याची चार कलमं लावली.

भाषेचं थोडं. वाचणाऱ्याचा आवाज स्वच्छ आहे, मागचं संगीत नको तिथं चढतं. 'सार्वकालिक', 'नीतिमान' हे शब्द आईला भक्तीत ऐकून पाठ, सुनेला अडतात. साध्या बायांना कळावं म्हणून पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि 1922 मध्ये जाईपर्यंत बायबलचं सोपं मराठी करत राहिल्या. तेही कोणी असं डब्ब्यात घालून दिलं तर सुनेसाठी घेईन.

पाचपैकी साडेतीन. चार्जरची केबल वेगळी घ्या, सोबतची महिन्यात गेली. आता आईला डब्बा उशाशी हवा आणि मला माळ्यावर, म्हणून दुसरा आणायला गेलो. दुकानदारानं नवं मॉडेल दाखवलं, त्यात पुढे पळवायचं बटण आहे, शंभर रुपये जास्त. आईला फोन लावून विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मंग तू नावं पळवशीन."