अकरा महिने ध्यानाला बसल्यानंतर : रक्तदाब, जिनिंगचा हंगाम आणि थोडा हिशेब

गेल्या फेब्रुवारीत, कापसाचा हंगाम उतरणीला लागलेला असताना, डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून दोनदा रक्तदाब मोजला आणि दोन्ही वेळा आकडा १६०/१०० च्या आसपास आला. अमळनेर तालुक्यातील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी एकोणीस वर्षे हिशेबाचे काम पाहतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री साडेअकराच्या आत घर दिसत नाही, आणि घरी आल्यावरही डोक्यात गाठी, सरकी आणि उचल यांचे आकडे फिरत राहतात. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करा, रोज चाला असे सांगितले आणि निघताना सहज म्हणाले, ‘जमलं तर ध्यान करून पाहा.’ पुढच्या अकरा महिन्यांत काय साधले आणि काय साधले नाही, ते येथे लिहीत आहे.

सुरुवात मोबाइलवरील एका अ‍ॅपने केली. वर्षाची वर्गणी भरली, कानात इयरफोन घातले आणि रोज दहा मिनिटे एक मऊ आवाज ऐकला. आवाज इंग्रजीत होता. तो मला समुद्रकिनाऱ्याची कल्पना करायला सांगे आणि माझ्या डोळ्यांसमोर बोरी नदीचे कोरडे पात्र येई. तीन महिन्यांत साठ-पासष्ट वेळा बसलो असेन, आणि त्यातल्या निम्म्या वेळा झोप लागली. एप्रिलअखेर ते बंद केले. पैसे वाया गेले असे मात्र म्हणणार नाही, कारण ठरलेल्या वेळी एका जागी बसण्याची सवय त्यानेच लावली.

जूनमध्ये, हंगाम नसताना, शेजारच्या निवृत्त शिक्षक अप्पांच्या आग्रहाने विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेलो. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकले, १९६९ मध्ये त्यांनी ती भारतात शिकवायला आरंभ केला आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झाले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मला तारखा जुळल्या त्या दुसऱ्या केंद्राच्या. पहाटे चारला घंटा, दिवसाला सुमारे दहा तास बैठक, नव्या साधकांना अकराच्या जेवणानंतर संध्याकाळी फक्त चहा आणि थोडा अल्पोपाहार, आणि नवव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी बोलणे बंद. शुल्क नाही, शेवटी ज्याला वाटेल त्याने दान द्यावे.

पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहायचा असतो, म्हणजे आनापान. नाकपुडीच्या खालच्या बोटभर जागेवर आत जाणारा श्वास थंड आणि बाहेर येणारा कोमट लागतो, ही गोष्ट पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी दुपारी प्रथमच कळावी, याचे मला अजूनही हसू येते. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहणे सुरू होते आणि तेथे माझे गुडघे आडवे आले. पाचव्या दिवशी उजव्या गुडघ्यात अशी कळ निघाली की उठून सरळ स्टेशन गाठावे असे वाटले. पण तासाभराच्या त्या बैठकीत कळ एकसारखी राहत नाही, ती वाढते, सरकते, मधेच विरते, हे दिसले. मला शिबिरातून मिळाले ते एवढेच, आणि ते पुरेसे होते.

आमच्या रांगेतील एक तरुण सहाव्या दिवशी फार घाबरला. त्याला झोप येईना, छाती धडधडू लागली आणि तो घरी परतला. प्रवेश-अर्जात मानसिक आजाराविषयी विचारलेले असते. ते का, हे मला त्या दिवशी समजले. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात विलोबी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा त्रासदायक अनुभवांवर अभ्यास प्रसिद्ध केला आहे. भीती, निद्रानाश, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे असे प्रकार काही साधकांना होतात, हे त्यात सविस्तर येते. ज्यांना नैराश्याचा किंवा भ्रमाचा आजार होऊन गेला आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. अर्जात माहिती लपवून तर मुळीच जाऊ नये.

घरी आल्यावर गावातल्या पिंजाऱ्याकडून रुईची एक घट्ट बैठक शिवून घेतली, कारण विकतची फोमची उशी महिन्यात दबली होती. तेव्हापासून पहाटे पाचला पंचवीस मिनिटे बसतो. आठवड्यातून एखादा दिवस चुकतो, आणि पोळ्याच्या वेळी पाहुणे आल्याने सलग नऊ दिवस चुकले.

आता आकडे. मागच्या आठवड्यात रक्तदाब १३२/८४ होता. श्रेय ध्यानाला द्यावे, असे अप्पांचे म्हणणे. परंतु गोळी रोज चालू आहे, संध्याकाळी चार किलोमीटर चालतो, आणि शेवभाजी आठवड्यातून तीनदा होत असे ती एकदाच होते. चार कारणे एकत्र असताना एकालाच जमा धरणे माझ्या वहीत बसत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ च्या निवेदनात ध्यानाला हृदयविकाराचा धोका कमी करण्याच्या रूढ उपचारांसोबतची पूरक गोष्ट म्हटले आहे, बदली नव्हे. गोळी बंद करण्याचा मोह मला ऑगस्टमध्ये झाला होता; डॉक्टरांनी साफ नाही म्हटले.

झोपेत मात्र फरक आहे. पूर्वी तीनला जाग आली की सकाळपर्यंत छताकडे पाहत पडत असे. आता जाग येते, पण बहुधा पुन्हा डोळा लागतो. गंमत म्हणजे २०१४ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात ध्यानावरील ४७ चाचण्यांचा आणि ३,५१५ व्यक्तींचा जो आढावा आला, त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर मध्यम प्रतीचा पुरावा सापडला, तर झोपेबाबत तो अपुरा ठरला. औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस आहे असेही आढळले नाही. २०२२ च्या एका चाचणीत मात्र चिंतेच्या विकाराच्या २७६ रुग्णांमध्ये आठ आठवड्यांचा सजगतेचा (माइंडफुलनेसचा) वर्ग एस्सिटालोप्राम या औषधापेक्षा कमी ठरला नाही. हा वर्ग म्हणजे १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेली पद्धत : आठवड्याला अडीच तास शिक्षकासमोर आणि घरी रोज पाऊण तास. माझ्या दहा मिनिटांच्या अ‍ॅपला तो निष्कर्ष लावता येणार नाही.

मोजता न येणारा फायदा काट्यावर दिसला. डिसेंबरात एक शेतकरी ओलाव्याच्या कपातीवरून माझ्या खिडकीशी येऊन ओरडू लागला. राग येताना माझ्या कानाच्या पाळ्या आधी तापतात, हे मला जूनपासून ठाऊक झाले आहे. त्या तापल्या, मी दोन श्वास थांबलो आणि उत्तर देण्याऐवजी पावती पुन्हा पाहिली. चूक आमची होती. दुसऱ्याच गाडीचा ओलावा त्याच्या नावावर चढला होता. पूर्वी मी आधी भांडलो असतो आणि पावती संध्याकाळी पाहिली असती. पण त्याच आठवड्यात घरी धाकट्यावर मोबाइलवरून कडाडलो, तेव्हा दोन श्वास कुठे गेले होते कोण जाणे.

याच हंगामात आमच्या जिनिंगच्या मालकांनी कामगारांसाठी अर्ध्या तासाचे ‘ताणमुक्ती सत्र’ ठेवले. रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, बंद करून सगळ्यांना सतरंजीवर बसवले. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले, तेव्हा एक जुना हमाल शांतपणे म्हणाला, ‘भाऊ, नाकमा रुई जास, श्वास कथा देखाना?’ म्हणजे नाकात रुई जाते, श्वास कुठे पाहायचा? सगळे हसले. मला हसू आले नाही. कापसाच्या धुळीने छाती भरते आणि वर्षानुवर्षांनी फुफ्फुसाचा आजार जडतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. त्यावर उपाय धूळ ओढणारे पंखे आणि चांगले मास्क हाच आहे. मी ती मागणी लेखी दिली. मास्क आले, पंख्यांचे अजून अंदाजपत्रकच फिरते आहे. ज्याच्या ताणाचे कारण समोर दिसते, त्याला आधी शांत राहायला शिकवणे मला अप्रामाणिक वाटते.

शाळांबाबतही हीच सावधगिरी हवी. ब्रिटनमध्ये ११ ते १४ वयाच्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्गात सजगता शिकवून मुलांचे मानसिक आरोग्य नेहमीच्या शिकवणीपेक्षा सुधारले नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. मुलांनी तो स्वतःहून मागितलेला नव्हता, हेही त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

उलट माझी आई रोज संध्याकाळी गल्लीतल्या दहा-बारा बायकांबरोबर हरिपाठाला बसते. ती त्याला ध्यान म्हणत नाही, रक्तदाब मोजत नाही, आणि एखादी दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्या घरी जाऊन येते. आमच्या अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था आहे, वैशाखात सखाराम महाराजांचा उत्सव भरतो; मन या विषयाला येथे दोन्ही दारे पूर्वीपासून उघडी आहेत. माझी पंचवीस मिनिटे एकट्याची असतात, आणि आईच्या बैठकीत जे आहे ते त्यांत नाही, हे मला कार्तिकात ती आजारी पडली तेव्हा दिसले, कारण दुपारपर्यंत स्वयंपाकघरात तिघींनी डबे आणून ठेवले होते.

अ‍ॅपची वर्गणी पुढच्या महिन्यात संपते, ती भरणार नाही. शिबिराला पुन्हा जायचे आहे, पण जूनमध्ये, आणि गुडघ्यासाठी खुर्ची मागून. बैठकीची रुई एका बाजूला बसली आहे. हंगाम उतरला की पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेईन.