लाँग आयलंड, बहामा: बोनफिशसाठी स्वतः आखलेली ट्रिप, घर आणि गाडीचा रिव्ह्यू

बोनफिश म्हणजे उथळ समुद्रात चरणारा चंदेरी मासा, तो धरायला एप्रिलमध्ये बहामाच्या लाँग आयलंडवर सहा दिवस राहून आलो. लॉज नाही, पॅकेज नाही, भाड्याचं दोन खोल्यांचं घर, भाड्याची गाडी आणि माझा आठ वेटचा फ्लाय रॉड (नकली माशी फेकून मासा धरायची काठी, वेट म्हणजे तिला चालणाऱ्या लाईनच्या वजनाचा नंबर), बस. घराला पाचपैकी साडेचार, गाडीला दोन. घराचं नाव टाकत नाही कारण मालकीणबाईंना नेटवर नाव नकोय, पण असं घर शोधायचं कसं ते सांगतो, ते जास्त कामाचं आहे.

बेट साधारण १३० किलोमीटर लांब आणि रुंदीला अगदीच चिंचोळं. पूर्वेला अटलांटिकच्या लाटा, पश्चिमेला मात्र घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचं पाणी आणि खाली पांढरी पुळण, बघाल तिथवर. बोनफिश या पश्चिमेच्या उथळात भरतीबरोबर चरायला येतो, वाळू उकरून खेकडे-कोळंबी खातो आणि ओहोटी लागली की परत खोल पाण्यात. म्हणून घर बघताना व्ह्यू आणि स्विमिंग पूल सोडा, एकच विचारा, दारातून चालत उथळात किती मिनिटांत पोचतो. आमच्या घरापासून चार मिनिटं, तिवरांमधली पायवाट. फोटोत पूर्वेकडची घरं जास्त देखणी दिसतात पण तिथे राहिलात की प्रत्येक भरतीला गाडी काढायची, आणि भरती काही आपल्या जेवणाच्या वेळा बघून येत नाही.

मी मूळचा रेवदंड्याचा, आजोबा तिथीची पाऊणपट करून भरती किती वाजता ते सांगायचे. तो हिशोब तिकडे जुळत नाही, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी, पण अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग तेच, रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकणं तेच. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम तीन फुटांचा, आपल्याकडच्या मानाने काहीच नाही, पण पाणी इतकं उथळ की तेवढ्यात सगळा नकाशा बदलतो. मी तिकीट काढायच्या आधी महिनाभराच्या वेळा कागदावर मांडल्या आणि सकाळी नऊ ते दुपारी तीनच्या मधे पाणी चढतंय असे दिवस निवडले, कारण सूर्य वर असल्याशिवाय हा मासा दिसतच नाही, अंग आरशासारखं, आधी दिसते ती वाळूवरची सावली. एक गोष्ट मात्र तिथे गेल्यावरच कळली, ॲपवरची वेळ पूर्वेच्या किनाऱ्याची होती, आमच्या घरामागे पाणी दोन तासांहून जास्त उशिरा यायचं. पहिली सकाळ त्यात गेली.

दुसऱ्या दिवशी एकच दिवस गाईड घेतला आणि हा खर्च कोणी वाचवू नये असं मला मनापासून वाटतं. त्याला आधीच सांगितलं, मासे किती मिळाले ते राहू दे, मला पाणी वाचायला शिकव. वाऱ्याने उठलेली लहर कुठली आणि खाली झुंड चालल्यामुळे थरथरलेलं पाणी कुठलं, हा फरक त्याने दोन तासांत डोळ्यात बसवला. उरलेले चार दिवस मी त्याच शिदोरीवर काढले.

सामानाबद्दल थोडक्यात. नऊ फुटी आठ वेट, कारण पूर्वेचा वारा जवळजवळ रोजचाच, पाठीवर घेऊन उभं राहायचं. लाईन ट्रॉपिकलच, म्हणजे गरम हवेसाठी बनवलेली घ्या, थंड पाण्याच्या ट्राउटची जुनी लाईन उन्हात शेवईसारखी लुळी पडते, हे मी स्वतः भोगलंय. दहा फुटी लीडर (लाईन आणि माशीच्या मधला बारीक पारदर्शक दोरा), तो बारा पाउंड ताण झेलणारा फ्लुरोकार्बनचा, दोनशे यार्ड बॅकिंग (लाईनच्या मागे रीलवर गुंडाळलेला जादा दोरा), पोलराईज्ड चष्मा तांबूस काचेचा. गळावर बांधलेल्या नकली माश्यांमधे गॉचा आणि क्रेझी चार्ली, गळ सहा नंबरचा, एवढ्या पुरल्या, त्यातली चार्ली तर याच देशातल्या अँड्रॉस बेटावर जन्मलेली. बूट जाड तळाचे, आणि पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत न्यायचे, पाकट असतात.

पहिला मासा तिसऱ्या दिवशी, साधारण तीन पाउंडाचा. ट्राउटच्या सवयीने मी रॉड वर उचलायचो आणि मासा सुटायचा, इथे रॉड खाली ठेवून लाईन हातानेच खेचायची. तो लागला आणि बॅकिंग सरसर निघत राहिली, मी नुसता रीलचा आवाज ऐकत उभा. मग ओल्या हाताने, पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला, गळाचा उलटा काटा आधीच चेपलेला होता. दमलेला मासा सोडला की मुशी टपलेल्या असतात, म्हणून पोहायला लागेपर्यंत धरून ठेवला. संध्याकाळी दुकानात दहा सेंटचं नाणं सुट्टं मिळालं, त्यावर दोन बोनफिश. किती वेळ बघत बसलो.

घराचं अजून एक, मागच्या बाजूला गोड्या पाण्याचा नळ आणि पाईप, रोज रील धुवायला. जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही, पण मीठ राहिलं तर रील गेलंच. कयाक होती पण वल्हं एकच चांगलं, अर्धा मार्क त्यात गेला. मालकीणबाईंनी एकदा हिरव्या तुरीच्या दाण्यांचा भात पाठवला, तिकडचं रोजचं जेवण, बायकोला डोंबिवलीची आठवण आली. भाजी बोटीने येते, रविवारी दुकानं बंद, शनिवारी भरून ठेवा.

गाडीबद्दल वाईट वाटतं. तिकडे आपल्यासारखं डाव्या बाजूने चालवतात त्यामुळे सोपं, पण स्टेपनीत हवाच नव्हती, आणि फोन केला तर दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस आला. एक अख्खी भरती हुकली, तीही सगळ्यात चांगली. किल्ली घेताना डिकी उघडून टायर दाबून बघा, लाजू नका.

आणि लायसन्स. २०१७ पासून परदेशी माणसाला फ्लॅट्सवर, म्हणजे या उथळ पाण्यात, मासे धरायला ते लागतं, ऑनलाइन मिळतं, प्रिंट खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.